भिंगरी कुणामागं गेली

माझ्या थोरल्या बहिणीचं, कस्तुरीआक्काचं लग्न झालं ते १९४३ साल. लढाईमुळं रॉकेल मिळत नव्हतं आणि गावातली बाकीची लग्नं अंधाराच्या धास्तीनं घाईघाईत उरकत होती. आमच्याकडं ती अडचण आली नाही. आम्ही जैन. दिवस मावळायच्या आत आमची जेवणं होतात, त्यामुळं पंगती उन्हातच बसल्या आणि उन्हातच उठल्या. पाहुण्यांना नवल वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. पंगतीच्या कडेनं एक हरणी फिरत होती आणि पोरांच्या पत्रावळीतली भाजी खात होती.

तिचं नाव भिंगरी. फाल्गुनात बिराप्पा धनगरानं तिला आणलं तेव्हा ती मांजराएवढी होती. त्याच्या कुत्र्यांनी माळावर तिची आई मारली होती. बिराप्पा आण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना म्हणाला, "तुमच्यात ठेवा आण्णा. दुसऱ्या कुणाच्यात दिली तर सांजच्याला चुलीवर चढंल."

आण्णांनी पिलाकडं बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "ठेवू. पर दावं लावायचं न्हाई."

जिवाला बांधून ठेवणं हा आमच्यात दोष मानतात. बैलाला इलाज नसतो, म्हणून बांधायचं. पण आण्णा बैलाचं दावंसुद्धा सैल ठेवायचे. भिंगरीच्या गळ्यात मग कधी दोरी पडली नाही. मी तिला शेळीच्या दुधाचा बोळा चोखायला दिला, आणि ती माझ्या मागं मागं वाढली. मी विहिरीला निघाले की विहिरीला, रानात गेले की रानात. कस्तुरीआक्का सासरी गेल्यावर घरात मला बोलायला तीच उरली.

लग्नातल्या कुणा पाहुण्यानं ही गंमत बाहेर सांगितली. सांगणाऱ्याच्या मनात काही वाईट नसावं. पण आमचं गाव एका लहानशा संस्थानात होतं, आणि माळावरची हरणं संस्थानाची होती.

भाद्रपदात जोंधळा निसवला. पाखरं राखायला मी बांधावर बसायची. बाकीच्या रानांत पोरी गोफण फिरवायच्या, आमच्यात ते चालत नाही, म्हणून मी आपला पत्र्याचा डबा वाजवत होते. नुकतीच एक सर येऊन गेली होती. पानांवरून पाणी ठिबकत होतं. चिखलातून सायकल ढकलत एकजण आला… अंगात खाकी कोट, डोक्याला काळी टोपी, धोतर गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेलं.

"आवं, जरा डबा थांबवता का?"

"का? पाखरू हाय का तुमी?"

तो हसला. हसताना खाली बघायची त्याला सवय होती, हे मला पुढं कळलं.

"गावात कुणाच्यात तरी हरीण पाळलंय म्हणं. घर कुठलं त्ये?"

खोटं बोलायचं नाही, हे आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं. मी खरं तेच बोलले. "त्या घरात आत्ता हरीण न्हाई."

"मग कुठं हाय?"

"त्ये हरणालाच इचारा."

मी हे बोलत होते आणि त्याच्या पाठीमागून जोंधळ्यातून भिंगरी बाहेर येत होती. तिनं आधी सायकलीचा वास घेतला, मग त्याच्या कोटाचं टोक तोंडात धरलं. तो जागचा हलला नाही. मानही वळवली नाही.

"माझ्या पाठीमागं कुणी हाय का?" त्यानं हळू आवाजात विचारलं.

"तुमची सायकल हाय."

"सायकल कोट खाती?"

मला हसू आवरेना. त्यानं हात हळूच मागं नेला… धरायला नव्हे, नुसता उघडा ठेवला. भिंगरीनं त्याची बोटं हुंगली आणि चाटली. घामानं खारट झालेली असतील. मी त्या हाताकडं बघत राहिले. हरणाला बघून माणसं एक तर झडप घालतात, नाही तर टाळ्या वाजवतात. हात नुसता उघडा ठेवणारा माणूस मी पहिल्यांदा बघितला.

मग तो वळला, आणि त्याच्या कोटावरचा पितळी बिल्ला मला दिसला. संस्थानाच्या शिकारखान्याचा, म्हणजे शिकारीच्या खात्याचा बिल्ला. माझं हसू तिथंच थांबलं.

"न्हेणार हिला?" मी विचारलं.

"आधी घरी बोलतो," तो म्हणाला. "दिवस मावळायच्या आत जरा पाणी मिळालं तर बरं हुईल."

पाण्याला दिवस मावळायची अट घालणारा माणूस कोण असतो, ते मला लगेच कळलं.

घरी अव्वानं, माझ्या आईनं, फडक्यातून गाळून पाणी दिलं. त्यानं ते दोन्ही हातांनी घेतलं.

"कुठलं पावणं?"

"कुंडलचा. श्रेणिक माझं नाव."

"आमच्यातलंच म्हणायचं." अव्वाचा चेहरा उजळला. आण्णांचा उजळला नाही. ते बिल्ल्याकडंच बघत होते.

"जैनाचं पोरगं आन् शिकारखान्यात?"

"सातवी झाली हाय. त्यास्नी लिवायला माणूस पायजे हुतं. वाड्यात कोंडल्याल्या जनावरांच्या चाऱ्याचं लिवतो."

"आन् मारल्याल्या जनावरांचं?"

त्यानं भांडं खाली ठेवलं. "त्येबी मीच लिवतो."

मग त्यानं खिशातून एक छापील कागद काढला आणि संस्थानाचा नियम वाचून दाखवला. मला तेव्हा अक्षर येत नव्हतं, म्हणून मी कान देऊन ऐकत होते. काळवीट, हरीण, चितळ, मोर, असली रानातली जनावरं परवान्याशिवाय कुणी धरू नयेत, मारू नयेत, बाळगू नयेत. बाळगलेलं जनावर सरकारी वाड्यात जमा करावं. घरच्या पाळीव जनावरास हा नियम लागू नाही.

मी दाराआडून म्हणाले, "मग ही पाळीवच हाय की."

"पाळीव म्हंजी गाय, म्हैस, बैल, शेळी, कुत्रं…" तो कागदात बघतच म्हणाला.

"आन् माणूस?"

"माणसाला परवाना लागत न्हाई."

"मंग बरं हाय."

अव्वानं माझ्याकडं डोळे वटारले. तो मान खाली घालून हसत होता.

जाताना तो आण्णांना म्हणाला, "दसऱ्यापातुर मी काय लिवत न्हाई. तवर तुमी इचार करा. वाड्यात चारा चांगला हाय."

"व्हय," आण्णा म्हणाले. "आन् दिवाळीला सरकारचं पावणं आलं की गोळीबी चांगली आसंल."

त्यानंतर तो अधूनमधून येऊ लागला. गावात सांगायला तपासणी होती. आमच्या रानाच्या खालच्या अंगाला एक ओढा होता. ओढ्याच्या अलीकडं संस्थान आणि पलीकडं सातारा जिल्हा, म्हणजे इंग्रजी मुलूख. पाणी गुडघाभरच, पण दोन्ही काठांना कायदा वेगळा.

पहिल्यांदा तो ओढ्यावर भेटला तेव्हा लांबूनच म्हणाला, "हरणीला घिऊन पल्याड हुबं ऱ्हावा."

"का?"

"पल्याड माझा बिल्ला चालत न्हाई. ती मला दिसली तरी दिसली नसल्यागत."

मी भिंगरीला घेऊन पलीकडं गेले. तो अलीकडच्या काठाला दगडावर बसला. मधून पाणी वाहत होतं.

"मग मीबी तुमाला दिसत न्हाई म्हणायचं," मी म्हणाले.

"तुमास्नी बघाय कुठला नियम आडवा येतो?"

"दुसऱ्या मुलखातली हाय मी आता."

"व्हय… म्हणून तर जरा भ्या वाटतंय."

"कशाचं?"

"बोलाय परवाना लागतो का काय, त्येचं."

"आर्ज करा," मी म्हणाले. "बघू."

भिंगरीला मात्र असल्या काठांचं काही नव्हतं. तो कोटाच्या खिशातून मटकीचा कोवळा वेल घेऊन यायचा. ती पाण्यात उतरायची, सरळ त्याच्याकडं जायची आणि खिशात तोंड घालायची. तो तिला हात लावत नसे, नुसता बसून राहायचा. वेल संपला की ती परत माझ्याकडं यायची. मी इकडून तिच्या पाठीवरून हात फिरवायची आणि वाटायचं, ही आत्ता त्याच्याजवळून आली…

मी एकदा विचारलं, "हिला हिकडंच ठेवली तर? इंग्रजी मुलखात?"

"तिकडं धरायला कुणी येणार न्हाई," तो म्हणाला. "पर मारायलाबी कुणी आडवणार न्हाई. ज्येच्याकडं बंदूक, त्येचं हरीण."

"म्हंजी आल्याड पाळता येत न्हाई आन् पल्याड जगवता येत न्हाई."

"तसंच हाय त्ये."

हस्ताचा पाऊस सुरू होता तेव्हाची गोष्ट. सकाळभर ऊन होतं, आणि दुपार कलल्यावर गडगडायला लागलं. आम्ही दोघं आपापल्या काठाला होतो. मी त्याला वाड्यातल्या हरणांचं विचारत होते. तो सांगत होता… कुठली हरणी लंगडी आहे, कुठलं पाडस त्याच्या हातचं खातं. त्यानं त्यांना नावं ठेवली होती. सांगताना त्याचा चेहरा लहान पोरासारखा होत होता.

"पावणं आलं की काय करत्यात?" मी विचारलं.

"माळावर सोडत्यात हरणं. लांब बंदुकवाले बसल्यालं असत्यात."

"वाड्याचं दार कोण उघडतं?"

पाण्यावर थेंब पडायला लागले होते.

"कोण उघडतं?"

"मी," तो म्हणाला. "दुसऱ्या कुणी उघडलं तर ती भाहीर येत न्हाईत. माझ्या आवाजाला येत्यात."

पाऊस आला तो एकदमच आला. मी करंजाच्या झाडाखाली सरकले, भिंगरी माझ्या पायाशी. तो तिथंच भिजत उभा राहिला. बघता बघता ओढ्याला तांबडं पाणी आलं आणि गुडघाभर पाण्याचं कमरेएवढं झालं.

"राजमती…" तो पाण्यापलीकडून म्हणाला. तोवर त्यानं माझं नाव कधी घेतलं नव्हतं. "मी सोडतो ही चाकरी."

"कवा?"

"तू म्हणशील तवा."

मला त्याचं ते 'तू' आवडलं. पण बाकीचं आवडलं नाही.

"मी कशाला म्हणू?" मी म्हणाले. "आज त्यांनी सांगितलं म्हणून दार उघडायचं, उद्या मी सांगितलं म्हणून लावायचं? तुमचं तुमाला कायच वाटत न्हाई?"

त्यानं सायकल घेतली आणि पावसातून निघून गेला. मी पाणी ओसरेपर्यंत पलीकडंच बसून राहिले. मला त्याच्याशी लग्न करायचं होतं, हे मला त्या दुपारी पक्कं कळलं. आणि त्या हातानं उघडलेल्या दारातून धावणारी हरणं डोळ्यांपुढं असताना मी त्या हाताचं पाणी पिऊ शकणार नाही, हेही कळलं. आण्णांचं तर विचारायलाच नको होतं. जीव मारायच्या खात्यातल्या माणसाला ते लेक देणार नव्हते.

दसरा झाला. श्रेणिकनं काही लिहिलं नव्हतं, पण बातमी शिकारखान्याच्या कारभाऱ्यापर्यंत गेलीच. तात्याबा सुभेदार त्यांचं नाव. पलटणीतून निवृत्त झालेले, पांढऱ्या मिशा, काठीनं जमिनीवर ठोकत बोलायची सवय. ते आले आणि चावडीत बसले. बरोबर दोन शिपाई आणि श्रेणिक. दादासो पाटलांनी आण्णांना बोलावणं धाडलं. मीही मागोमाग गेले, भिंगरी माझ्या मागून आली.

"हे बघा आण्णा," सुभेदार म्हणाले, "माझा तुमच्यावर राग न्हाई. पर ऑर्डर म्हंजी ऑर्डर. हरीण वाड्यात जमा करायचं. दिवाळीला सायब लोक येणार हायत."

आण्णा म्हणाले, "मी तिला बांधली न्हाई. मग जमा कशी करू? बांधून द्यायची म्हंजी तो दोष माझाच."

"बांधतील माझं शिपाई."

श्रेणिक भिंतीला टेकून उभा होता. माझ्याकडं बघत नव्हता. चावडीत बाईमाणसानं बोलायची रीत नव्हती, पण सुभेदारांचा शिपाई दोरी उलगडायला लागला आणि मला राहवलं नाही.

"पाटीलकाका," मी म्हणाले, "गुराचा वाद आला की तुमी काय करता?"

दादासो पाटलांनी मिशीवरून हात फिरवला. "सोडून बघतो."

आमच्या भागात ही जुनी रीत होती. दोघंजण एकाच जनावरावर हक्क सांगायला लागले की पाटील ते जनावर दिवस कलताना गावाबाहेर मोकळं सोडायचा. कुणी हाक मारायची नाही, चुचकारायचं नाही. जनावर ज्याच्याकडं जाईल त्याचं. न्यायाला दुसरा साक्षीदार लागत नसे.

"मग हिलाबी सोडून बघा," मी म्हणाले. "सरकारचा नियम पाळीव जनावराला लागत न्हाई म्हणं. कळपात गेली तर ती रानटी, ऱ्हाऊ द्या तिला माळावर. आमच्याकडं आली तर पाळीव."

"आन् आमच्याकडं आली तर?" सुभेदारांनी विचारलं.

"तर न्ह्या," मी म्हणाले.

सुभेदारांना गंमत वाटली असावी. "पोरगी कडक हाय तुमची," ते आण्णांना म्हणाले. "चला. आजच बघू."

सगळा गाव माळावर आला. दूरवर काळविटांचा कळप चरत होता. एका अंगाला सुभेदार आणि त्यांची माणसं उभी राहिली, दुसऱ्या अंगाला आण्णा, अव्वा आणि मी. दादासो पाटील मध्ये. ते म्हणाले, "कुणी तोंडातनं आवाज काढायचा न्हाई. शीळ न्हाई, टाळी न्हाई." त्यांनी भिंगरीला मध्ये उभं करायला लावलं आणि मला मागं जायला सांगितलं.

भिंगरी एकटी उभी राहिली. तिनं आधी कळपाकडं बघितलं. कान ताठ झाले. वाऱ्यावर त्यांचा वास आला असेल. ती कळपाच्या दिशेनं काही पावलं चालली, तेव्हा अव्वानं माझा हात घट्ट धरला. मला वाटलं, जाऊ दे… गेली तर जगेल तरी. मग ती थांबली. आमच्याकडं मान वळवली. आता येते, आता येते, असं वाटत होतं.

आणि मग ती वळली आणि सरळ सुभेदारांच्या माणसांकडं चालायला लागली. शिपायांना टाळून, सुभेदारांच्या काठीला वळसा घालून ती श्रेणिकपुढं जाऊन थांबली. त्यानं हात पाठीमागं धरले होते. श्वासही घेत नव्हता. भिंगरीनं त्याच्या कोटाच्या खिशात तोंड घातलं. त्या दिवशी खिसा रिकामा होता. तरी ती तिथंच उभी राहिली.

कुणी तरी हसलं. मग दादासो पाटलांनी विचारलं, "हिला ह्यो कुठं भेटला रं एवढा?"

सगळा गाव माझ्याकडं बघायला लागला. हरणीनं सगळं सांगून टाकलं होतं… ओढा, मटकीचा वेल, आणि सांगण्यासारखं बाकीचं. मी जमिनीकडं बघत होते. सगळ्यांनी बघितलं त्याचं मला काही वाटलं नाही, पण आण्णांनी माझ्याकडं बघितलं नाही, ते मला लागलं.

सुभेदारांनी काठी ठोकली. "झालं. आमच्या माणसाकडं आली. म्हंजी सरकारची."

श्रेणिकनं कोटावरचा बिल्ला काढला. घाई न करता, पिन पुन्हा नीट लावून, त्यानं तो सुभेदारांच्या हातावर ठेवला.

"आता मी तुमचा माणूस न्हाई, सायेब. मोजा परत."

"खुळा का काय? एका हरणापायी?"

श्रेणिकनं खाली बघितलं. "एका हरणापायी म्हणालो तर खोटं हुईल. वाड्याचं दार आता माझ्यानं उघडत न्हाई. लय दिवसापास्नं उघडत न्हवतं. आज कळलं एवढंच."

सुभेदार त्याच्याकडं आणि मग भिंगरीकडं बघत राहिले. ती त्याच्या बाहीचं बटण चघळत होती.

"बोला पाटील," ते शेवटी म्हणाले. "तुमच्या गावची रीत काय म्हणती?"

"ज्येच्याकडं गेली त्येची. ह्यो काय आता तुमचा चाकर न्हाई."

"मग पाळीवच म्हणायची." सुभेदारांनी बिल्ला खिशात टाकला. "तसं लिवाय पायजे हुतं. पर लिवणारा माणूस आत्ताच चाकरी सोडून गेला. तवा तोंडीच धरा."

माणसं हसली आणि पांगायला लागली. सुभेदार शिपायांना घेऊन निघून गेले. माळावर श्रेणिक उरला, भिंगरी आणि सायकल. त्याला जायला जागा नव्हती. चाकरी गेली, म्हणजे तिथली खोलीही गेली. आण्णा पाठ फिरवून घराकडं चालायला लागले. आम्ही दोघी मागून. काही अंतर गेल्यावर आण्णा थांबले. पश्चिमेकडं बघितलं.

"दिवस बुडायला आलाय," ते मागं न बघता म्हणाले. "जेवायचं आसंल तर चल."

त्यांना काय म्हणायचं होतं ते अव्वाला कळलं, मला कळलं, आणि सायकलीचा आवाज मागून यायला लागला तेव्हा त्यालाही कळल्याचं समजलं.

मी भाकरी थापत होते. तो ओट्यावर आण्णांसमोर बसला होता.

"आता पुढं काय करणार?" आण्णांनी विचारलं.

"माधवनगरला कापडाच्या गिरणीत माणसं घेत्यात. जाऊन बघतो."

"आन् हरणी? तुझी हाय ती आता. गिरणीत न्हेणार?"

"हितंच राहू दे तिला. तुमची हरकत नसली तर."

"तिची न्हाई." आण्णांनी भाकरीचा तुकडा मोडला. "तिच्या मालकाची पंचाईत हाय. त्यो काय म्हणून येणार हितं?"

तो ताटाकडं बघत राहिला. त्याचे कान लाल झाले होते. शेवटी मीच चुलीपासून म्हणाले, "हरणीला जेवायला वाढती त्या माणसाला इचारा की आण्णा, काय म्हणून आलेला चालंल त्ये."

अव्वा तोंडाला पदर लावून हसली. आण्णा हसले नाहीत, पण त्यांनी त्याच्या ताटात आणखी एक भाकरी वाढायला सांगितली.

निघताना तो अंगणात सायकलीपाशी रेंगाळला. मी पाण्याचा तांब्या घेऊन गेले. पश्चिमेला अजून उजेड होता.

"मी म्हणाले न्हवते चाकरी सोडा म्हणून," मी म्हणाले.

"न्हाई म्हणालीस. म्हणून तर सोडता आली."

"आन् आज मी म्हणाले असते, सोडू नका, तर?"

"तरीबी सोडली असती."

"मग चालंल," मी म्हणाले.

"काय चालंल?"

"आर्ज केला हुता न्हवं तुमी, वढ्यावर…" माझ्यानं पुढं बोलवेना. तो पाणी प्यायचं विसरला. तांब्या तसाच हातात धरून उभा राहिला. आणि मी घरात पळाले.

पुढच्या फाल्गुनात आमचं लग्न झालं. कस्तुरीआक्का माहेरी आली तेव्हा सगळ्या पाहुण्यांना सांगत होती की, आमच्या राजमतीचं स्थळ हरणीनं आणलं. श्रेणिकनी माधवनगरला गिरणीत नोकरी धरली आणि आम्ही तिथंच एका खोलीत राहू लागलो. भिंगरी आण्णांकडं राहिली. आम्ही गावी गेलो की ती श्रेणिकचा खिसा बघायची.

त्या उन्हाळ्यात कळप रानाजवळ आला आणि ती त्याच्याबरोबर गेली. आण्णांनी तिला थांबवलं नाही. सुरुवातीला ती संध्याकाळी बांधावर येऊन उभी राहायची, अव्वा तिला भाकरी टाकायची. मग यायची बंद झाली. मी रडले. श्रेणिक म्हणाले, "आपण तिला पाळली न्हवती. ती आपल्यात ऱ्हायली हुती." मला त्या वेळी ते पटलं नाही. आपल्याकडं राहावंसं वाटलेलं जनावर निघून जातं तेव्हा काही बोललेलं पटत नाही.

संस्थानं गेली. वाडा मोडला, तिथल्या दगडांची कुणी घरं बांधली. माळ फोडून लोकांनी ऊस लावला. मग १९७२ साली नवा कायदा आला. श्रेणिकनी तो मला वर्तमानपत्रातून वाचून दाखवला. हरीण, मोर, पोपटसुद्धा, कुणी पाळायचा नाही. आता कुठल्याही ओढ्याच्या पलीकडं दुसरा कायदा नव्हता.

"म्हंजी आता असती तर आपण गुन्हेगार," ते म्हणाले.

"मग काय केलं असतं तुमी?"

"सुभेदाराला हुडकलं असतं."

आम्ही दोघं हसलो. पण मी त्यावर पुष्कळ विचार केला आहे. मला तो कायदा बरोबर वाटतो. भिंगरी आमच्या घरी आली ती तिची आई मेली म्हणून आली. आम्ही तिला लळा लावला, पण तिला आमच्या दारात आणलं ते कुत्र्यांनी. माया खरी होती म्हणून जागा तिची होती असं होत नाही. आणि तरीही ती आली नसती तर माझा संसार झाला नसता, हेही खरंच. ही दोन्ही सत्यं माझ्याजवळ आहेत. एकानं दुसरं खोटं पडत नाही.

आमच्या भागात आता हरणं नाहीत. मुलांना सांगितलं तर त्यांना ती गोष्ट वाटते.

तात्याबा सुभेदार १९४९ साली गेले. आण्णा १९५८ च्या चैत्रात गेले, अव्वा त्याच्या पुढच्या वर्षी. माझे पती श्रेणिक १९९१ साली, भाद्रपद महिन्यात, सांगलीला दवाखान्यात वारले.